एकट्या मेंटेनरला उत्तर: माणसे येतात, मग थांबत का नाहीत?

आपले सविस्तर पत्र मिळाले. इतर वाचकांसाठी त्याचा आशय आधी थोडक्यात सांगतो. तक्त्यांच्या फाइली एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेणारी एक छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड) तुम्ही चार वर्षांपूर्वी स्वतःच्या गरजेपोटी लिहिली आणि मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली केली. आज इतर अनेक प्रकल्प तिच्यावर विसंबून आहेत, पण तिची देखभाल मात्र नोकरीतून उरलेल्या वेळात तुम्ही एकटेच, मेंटेनर म्हणून, करता. तीनशेहून अधिक इश्यू, म्हणजे दोषांच्या आणि मागण्यांच्या नोंदी, उघडे आहेत आणि चाळीसेक पुल रिक्वेस्ट, म्हणजे इतरांनी सामावून घेण्यासाठी पाठवलेले बदल, पडून आहेत. नवी माणसे येतात, एखादा बदल पाठवतात आणि पुन्हा दिसत नाहीत. दीड वर्ष सातत्याने चांगले काम करणाऱ्या एका सहकाऱ्याने मर्ज करण्याचा, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये सामावून घेण्याचा, अधिकार मागितला आहे, परंतु एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात चोरवाट घुसवल्याचे प्रकरण वाचल्यापासून तो द्यायला तुमचे मन धजत नाही. दुसरा एक सहकारी अतिशय हुशार आहे, पण नवख्यांचा पाणउतारा करतो. समुदाय वाढवण्यासाठी चॅट ग्रुप काढावा का, लोगो करून घ्यावा का, परिषदांमधून बोलावे का, असे तुम्ही विचारले आहे. आणि शेवटी, काहीसे ओशाळून, आणखी एक प्रश्न जोडला आहे: मी सहा महिने बाजूला झालो तर प्रकल्प बंद पडेल का?

चॅट ग्रुप, लोगो आणि परिषदा तूर्त बाजूला ठेवाव्यात असे मला वाटते. तुमच्याकडे माणसांचा तुटवडा नाही. आजवर बदल पाठवणाऱ्यांची जी यादी तुम्ही सोबत जोडली आहे, तिच्यात शंभराच्या आसपास नावे आहेत. एवढ्या आकाराच्या लायब्ररीसाठी ही संख्या मुळीच कमी नाही. अडचण अशी आहे की तुमच्या प्रकल्पात आलेल्या माणसाला करण्यासारखे काम सापडते, पण ठरवण्यासारखे काहीही त्याच्या वाट्याला येत नाही. कोणता दोष आधी पाहायचा, कोणते नाव ठेवायचे, पुढचा रिलीज (नवी आवृत्ती) कधी काढायचा, हे सारे तुमच्यापाशी येऊन थांबते आणि तुम्हाला वेळ होईपर्यंत तिथेच राहते. अशा ठिकाणी माणूस पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखाच जातो. या स्थितीत प्रसिद्धी केली तर रांग तेवढी लांबेल. २०२० च्या ऑक्टोबरमधील हॅक्टोबरफेस्टचा, म्हणजे मुक्त प्रकल्पांना बदल पाठवायला उत्तेजन देणाऱ्या उपक्रमाचा, अनुभव यासाठी आठवण्यासारखा आहे: चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत असल्यामुळे असंख्य प्रकल्पांवर एखादा शब्द इकडचा तिकडे करणाऱ्या निरर्थक बदलांचा असा पाऊस पडला की आयोजकांना उपक्रम चालू असतानाच नियम बदलावा लागला आणि ज्या प्रकल्पांची स्वतःची तयारी असेल त्यांनाच त्यात धरावे असे ठरले. गर्दी जमवणे अवघड नसते. तिच्यातून सहकारी घडवण्याचे काम मात्र मेंटेनरच्या उत्तरांवर चालते, म्हणून आपण आधी तुमच्या उत्तरांकडे पाहू.

तुम्ही नमुन्यादाखल पाठवलेला एक संवाद मला साऱ्या पत्राहून अधिक बोलका वाटला. ओळीच्या शेवटचे रिकामे स्तंभ तुमची लायब्ररी गिळून टाकत होती. एका नवख्या व्यक्तीने हा दोष शोधला, चौदा ओळींत दुरुस्त केला आणि नम्रपणे पुल रिक्वेस्ट पाठवली. तुमचे उत्तर ३७ दिवसांनी गेले आणि ते असे होते: "टेस्ट नाही. नावे आपल्या पद्धतीची नाहीत. मुख्य शाखेवर रिबेस करा." (टेस्ट म्हणजे दुरुस्ती तपासणारा छोटा कोड, आणि रिबेस म्हणजे आपला बदल प्रकल्पाच्या ताज्या कोडवर पुन्हा बसवणे.) त्यानंतर ती व्यक्ती पुन्हा फिरकली नाही आणि तो दोष आजही तसाच आहे.

तुमच्या उत्तरात तांत्रिकदृष्ट्या एकही शब्द चुकीचा नाही, हे मी मान्य करतो. पण पाच आठवड्यांनंतर आपण नेमके काय आणि का बदलले होते हे पाठवणाऱ्याच्या डोक्यात उरलेले नसते. आणि तुमच्या तिन्ही वाक्यांतून त्या व्यक्तीला जी एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, ती कळत नाही: हा बदल तुम्हाला हवा आहे की नको? ते ठाऊक नसताना आणखी एक संध्याकाळ कोण खर्च करील? तेच उत्तर असे लिहिता आले असते: "रिकाम्या स्तंभांचा हा दोष खरा आहे आणि तुम्ही योग्य ठिकाणी हात घातला आहे, हा बदल मला हवा आहे. मर्ज करण्यापूर्वी एक टेस्ट लागेल. टेस्टच्या फोल्डरमध्ये रिकाम्या ओळींसाठी जी फाइल आहे, तिच्यातील शेवटची टेस्ट नमुना म्हणून घ्या. नावे आणि रिबेस मी पाहून घेतो." लिहायला दोन मिनिटे अधिक लागतील. पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याने परवानगी ठेवली असेल तर मेंटेनरला त्याच्या शाखेवर, म्हणजे कोडच्या त्याच्या प्रतीवर, थेट दुरुस्ती करता येते; त्या सोयीचा वापर करण्यात संकोच बाळगू नका. आणि नावे, मोकळ्या जागा, ओळींची लांबी असल्या बाबी फॉरमॅटर आणि लिंटर या कोडची मांडणी पाहणाऱ्या साधनांकडे सोपवा. त्या तपासण्या सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर चालणाऱ्या स्वयंचलित व्यवस्थेत, आपोआप होऊ द्या, म्हणजे तुमच्या मोजक्या शब्दांतील एकही शब्द त्यांवर खर्च होणार नाही आणि नवख्याला त्या टोचणारही नाहीत.

पहिले उत्तर काही दिवसांत जावे, संपूर्ण रिव्ह्यू (बदलाची तपासणी) नंतर झाला तरी चालेल. "पाहिले, दिशा बरोबर आहे, सविस्तर शनिवारी लिहितो" एवढे वाक्यसुद्धा माणसाला धरून ठेवते. तुम्हाला आठवड्यातून एकदाच वेळ मिळत असेल तर काँट्रिब्युटिंगच्या, म्हणजे योगदानाचे नियम सांगणाऱ्या, फाइलमध्ये तसे स्पष्ट लिहा. लोक विलंब सहन करतात, अनिश्चितता सहन करत नाहीत. नकारही असाच लवकर द्यावा. चाळीसपैकी बऱ्याच पुल रिक्वेस्ट अशा असतील की त्या तुम्हाला मनातून नको आहेत, पण दुखवायचे नाही म्हणून तुम्ही गप्प आहात. सहा महिन्यांची शांतता नकारापेक्षा अधिक दुखावते. बदलाबद्दल आभार, तो लायब्ररीच्या कक्षेत का बसत नाही याचे एक कारण, आणि स्वतंत्र प्लगइन (जोडता येणारी पुरवणी) म्हणून तो कुठे शोभेल याची सूचना, एवढ्यावर ती बंद करा.

हे कारण दर वेळी नव्याने शोधावे लागू नये म्हणून लायब्ररी काय करणार नाही हे एका पानावर लिहून ठेवा. काय करणार हे सगळेच प्रकल्प सांगतात; खरा वेळ वाचतो तो काय करणार नाही हे लिहिल्यामुळे. त्याच्या शेजारी मोठ्या निर्णयांची नोंद ठेवा: प्रश्न काय होता, कोणते पर्याय पाहिले, काय ठरले आणि का. आज हे सारे तुमच्या स्मरणात आहे, आणि जोवर ते तिथेच आहे तोवर दुसरा कोणीही तुमच्याइतक्या खात्रीने हो किंवा नाही म्हणू शकत नाही. चॅट ग्रुपबद्दल माझी नाराजी आहे ती याच कारणाने. गप्पांना आणि तातडीच्या मदतीला तो चांगलाच असतो, पण तिथे झालेला निर्णय दोन दिवसांत वर सरकून दिसेनासा होतो आणि त्या वेळी जे झोपेत होते त्यांना तो कधी कळतच नाही. अनेक मुक्त प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या प्रकल्पांत जे मेलिंग लिस्टवर झाले नाही ते झालेच नाही असे मानण्याची रीत आहे. तुम्ही तीच शिस्त इश्यूंच्या पानावर पाळू शकता: बोलणे कुठेही होवो, ठरलेले मात्र तिथे आलेच पाहिजे.

तीनशे इश्यूंचा ढीग पाहून खचू नका. ज्या सॉफ्टवेअरचा वापर होतो त्याचे इश्यू उघडे राहतातच. ठराविक दिवस हालचाल झाली नाही की इश्यू आपोआप बंद करणारे बॉट मला फारसे आवडत नाहीत; ज्याने वेळ काढून दोषाची नीट मांडणी केली, त्याला तुमच्याच मौनाची शिक्षा यंत्राने द्यावी हे मला पटत नाही. त्याऐवजी ज्यांत दोष पुन्हा घडवून पाहण्याइतकी माहिती नाही असे इश्यू माणसाने वाचून, ती माहिती मागून, ठराविक मुदतीनंतर बंद करावेत. हे काम करायला तुम्हीच लागता असेही नाही.

येथून आपण तुमच्या खऱ्या धास्तीकडे येतो. एक्सझेड युटिल्सची हकिकत आठवा. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी २०२१ पासून त्या प्रकल्पाला उपयुक्त बदल पाठवायला सुरुवात केली. २०२२ मध्ये, याआधी कधी न दिसलेल्या काही खात्यांवरून मूळ मेंटेनरवर दबाव येऊ लागला: काम फार संथ चालले आहे, दुसऱ्या कोणाला तरी अधिकार द्या. आपल्याला फारसे झेपत नाही हे त्या मेंटेनरने उघडपणे सांगितले होते. हळूहळू रिलीज काढण्याचा अधिकार त्या नव्या माणसाकडे गेला आणि २०२४ च्या आरंभी ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतून एक चोरवाट आत शिरली. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या पद्धतीने, लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरच्या लक्षात आले, त्याने मुळाशी जाऊन पाहिले आणि २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार जाहीर केला. नाहीतर त्या आवृत्त्या लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या मोठ्या वितरणांच्या (तयार संचांच्या) स्थिर शाखांत पोहोचल्या असत्या.

यावरून तुम्ही निष्कर्ष काढला आहे की अधिकार कोणालाही देऊ नये. मला हे प्रकरण उलट वाचावेसे वाटते. तिथे हल्ला कोडवर होण्याआधी एका थकलेल्या, एकट्या माणसावर झाला. आणि तुमचे पत्र वाचताना थकलेले आणि एकटे हेच दोन शब्द माझ्या मनात येत होते. २०१८ मधले इव्हेंट-स्ट्रीम या कोडच्या पॅकेजचे प्रकरण तर याहून साधे आहे: मूळ लेखकाला त्या पॅकेजमध्ये रस उरला नव्हता, एका अनोळखी व्यक्तीने सांभाळायची तयारी दाखवली, त्याने ते देऊन टाकले, आणि त्या व्यक्तीने बिटकॉइनच्या एका वॉलेटवर नेम धरलेला घातक कोड, मूळ पॅकेज ज्यावर विसंबेल अशा एका नव्या पॅकेजमधून, आत सोडला. दोन्ही ठिकाणी अधिकार एका माणसाकडून दुसऱ्या एका माणसाकडे, वर कोणाचीही नजर नसताना गेला. तुम्ही आज कोणालाच अधिकार दिला नाही, तर दोन वर्षांनी पार दमल्यावर जो पहिला समोर येईल त्याला तो देऊन मोकळे व्हाल. हा धोका मला अधिक मोठा वाटतो.

तेव्हा अधिकार वाटायचा तो तुकड्यांत, अनेकांना, आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर. त्यासाठी आधी रिपॉझिटरी (कोडचे भांडार) तुमच्या वैयक्तिक खात्यातून काढून प्रकल्पाच्या नावाच्या ऑर्गनायझेशनमध्ये (गटाच्या सामाईक खात्यात) न्या. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर वैयक्तिक खात्यातील रिपॉझिटरीत अधिकारांच्या पायऱ्या जवळजवळ नसतात. ऑर्गनायझेशनमध्ये मात्र केवळ इश्यूंची वर्गवारी आणि उघडझाप करण्याचा ट्रायजचा अधिकार कोडला हात लावू न देता देता येतो. तो तुमच्या त्या सहकाऱ्याला याच आठवड्यात द्या. त्यात गमावण्यासारखे काही नाही. मर्जचा अधिकार देताना मुख्य शाखा संरक्षित करा, म्हणजे पाठवणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या कोणाच्या तरी मान्यतेशिवाय काहीही आत जाणार नाही. हा नियम स्वतःलाही लावा. तुमचे बदल सहकाऱ्याच्या मान्यतेसाठी थांबतील, सुरुवातीला ते कंटाळवाणे वाटेल आणि काम थोडे मंदावेल. पण आपल्या शब्दाला वजन आहे हे त्याला त्यातूनच कळेल, आणि नवख्याच्या रांगेत उभे राहणे म्हणजे काय हे तुम्हालाही.

रिलीजचा अधिकार यापासून वेगळा ठेवा. एक्सझेडमध्ये चोरवाट उघडणाऱ्या स्क्रिप्टचा कळीचा तुकडा गिटच्या, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, रिपॉझिटरीत नव्हताच. तो फक्त हाताने तयार करून वाटलेल्या टारबॉलमध्ये (फाइलींच्या गठ्ठ्यात) होता. त्यामुळे रिलीज कोणाच्याही लॅपटॉपवर, अगदी तुमच्याही, तयार होऊ नये. टॅग (आवृत्तीची खूण) लावलेल्या सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, तो सीआयने सर्वांसमोर बांधावा, पॅकेज प्रसिद्ध करणाऱ्या खात्याला टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय दुसरा पुरावा मागणारे संरक्षण) असावे, आणि त्या खात्याचा ताबा किमान दोघांकडे असावा. सहकाऱ्याचे खरे नाव, पत्ता, छायाचित्र यांच्या मागे लागू नका. ओपन सोर्समध्ये टोपणनावाने आयुष्यभर प्रामाणिक काम करणारे पुष्कळ आहेत आणि ओळखपत्र बनावटही असू शकते. एकट्या कोणालाही, कितीही वाईट हेतू असला तरी, गुपचूप काही करता येऊ नये अशी रचना असली की विश्वास टाकणे सोपे जाते.

दोघांवर मात्र थांबू नका. दोघांत मतभेद झाला की गाडे अडते. तुमच्या शंभर नावांच्या यादीत ज्यांनी दोनपेक्षा अधिक बदल पाठवले आहेत अशी सात-आठ नावे मला दिसली. त्यांना प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहा आणि त्यात नेमके काम सांगा: "एक्सएमएलच्या भागातले तुमचे दोन्ही बदल नेटके होते, त्या भागाचे रिव्ह्यू तुम्ही पाहाल का?" सर्वांना उद्देशून केलेल्या "मदत हवी आहे" या आवाहनाला सहसा कोणी ओ देत नाही, कारण ते कोणालाच उद्देशून नसते. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, कोणता भाग कोण सांभाळतो याची मेंटेनर्स नावाची एक साधी फाइल आहे. तुमच्या लायब्ररीला तिची दहा ओळींची आवृत्ती पुरेल. डॉक्युमेंटेशन लिहिणारे आणि लोकांच्या शंकांना उत्तरे देणारे यांचीही नावे त्या फाइलमध्ये असू द्या. तुमच्या यादीतली जी व्यक्ती दोन वर्षे केवळ शंकानिरसन करते आहे, तिला वापरकर्त्यांच्या अडचणी कदाचित तुमच्याहून अधिक ठाऊक असतील.

माणसे वाढली की कसे ठरवायचे हा प्रश्न येतो. घटना, समित्या, मतदान यांचा पसारा इतक्यात मांडू नका. डेबियन या लिनक्सच्या वितरणासारख्या प्रकल्पाला लिखित घटना आणि दरवर्षी नेत्याची निवडणूक शोभते, पाच जणांच्या गटाला तिचे ओझे होईल. अपाचीच्या प्रकल्पांतली एक पद्धत मात्र लहान गटालाही चालते: प्रस्ताव लिहून मांडायचा, किमान ७२ तास वाट पाहायची, आणि कोणी सकारण हरकत घेतली नाही तर संमती आहे असे धरून पुढे जायचे. कोडवर हरकत घेणाऱ्याने तांत्रिक कारण दिलेच पाहिजे, नुसते "मला आवडत नाही" चालत नाही. मतैक्य झालेच नाही तर शेवटचा शब्द कोणाचा, हेही लिहून ठेवा. आज तो तुमचा असायला हरकत नाही. फक्त तो कायमचा तुमचाच राहील असे धरून चालू नका. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे निर्माते गिडो व्हान रॉसम यांनी जवळजवळ तीन दशके हा शेवटचा शब्द सांभाळला. जुलै २०१८ मध्ये, एका लहानशा वाक्यरचनेवरून झालेल्या कडाक्याच्या वादानंतर, त्यांनी तो सोडला आणि आपला वारस नेमायलाही नकार दिला. मग इतर कोअर (प्रमुख) डेव्हलपरांनी अनेक आराखडे मांडून, मतदान करून, पाच जणांचे सुकाणू मंडळ निवडले, ज्यात एकाच कंपनीचे दोनपेक्षा अधिक लोक असू शकत नाहीत. भाषा थांबली नाही. पण एवढा मोठा प्रकल्प काही महिने पुढचा निर्णय कसा घ्यायचा हेच ठरवत बसला होता, आणि तो शिणवटा टाळण्यासारखा होता.

आता तुमच्या हुशार पण तिखट सहकाऱ्याविषयी. त्याच्याशिवाय कामगिरी अर्ध्यावर येईल, असे तुम्ही लिहिले आहे. त्याचे बदल तुम्हाला मोजता येतात. त्याच्या एका वाक्याने जे निघून गेले त्यांचे बदल कुठेच नोंदले जात नाहीत, त्यामुळे हा हिशेब नेहमीच त्याच्या बाजूने झुकलेला दिसतो. त्याच्याशी आधी खासगीत बोला, आणि स्वभावावर न बोलता विशिष्ट वाक्यावर बोला: "'हे लिहिण्याआधी विचार केला होता का?' हे वाक्य काढून टाकले असते तरी तुमचा तांत्रिक मुद्दा पूर्ण उभा राहिला असता." पुष्कळांना आपले लिखाण समोरच्याला कसे लागते याची खरोखर कल्पना नसते. सुधारणा झाली नाही तर ठराविक काळासाठी रिव्ह्यूचा अधिकार काढा, आणि तसे केल्याचे सांगा.

यासाठी आचारसंहिता हवी, पण ती नुसती चिकटवून भागत नाही. तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचा संपर्क तिच्यात हवा, आणि ती व्यक्ती एकटे तुम्हीच असाल तर तुमच्याविरुद्धची तक्रार कोणाकडे जाईल याचेही उत्तर हवे. हे कल्पनेतले संकट नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या मॉडरेशनच्या (वागणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या) चमूने एकगठ्ठा राजीनामे दिले, आणि त्याचे कारण त्यांनी हेच दिले की कोअर टीम कोणालाही उत्तरदायी नाही आणि त्यामुळे तिला नियम लावता येत नाहीत.

मागण्यांच्या आणि पैशांच्या बाबतीत मी थोडक्यातच लिहितो, कारण तुमची अडचण तिथे मोठी नाही. "हे उद्यापर्यंत दुरुस्त करा, आमचे काम अडले आहे" असे लिहिणाऱ्याला रागही नको आणि माफीही नको. "तुमची गरज समजली, माझ्याकडे या महिन्यात वेळ नाही, तुम्ही बदल पाठवलात तर आठवड्यात पाहीन" हे पुरे. मागणारी कंपनी असेल तर तिच्या अभियंत्याचे ठराविक तास मागा. एकदाच मिळणाऱ्या देणगीपेक्षा ते बहुधा अधिक उपयोगी पडतात. मात्र पैसे घेणे कमीपणाचे समजू नका. २०१४ मध्ये हार्टब्लीड हा दोष उघडकीस आला तेव्हा जगाच्या सुरक्षित व्यवहारांचा मोठा भाग ज्यावर उभा होता त्या ओपनएसएसएलला देणग्यांतून वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर मिळत होते, हे अनेकांना तेव्हाच प्रथम कळले. आणि एआयकडून लिहवून घेतलेल्या, वाचायला भारदस्त पण तपासल्यावर पोकळ निघणाऱ्या सुरक्षा-अहवालांचा त्रास तुम्हालाही सुरू झालाच असेल. कर्ल या डेटा पाठवण्या-आणण्याच्या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग त्याविषयी २०२४ पासून जाहीरपणे लिहीत आले आहेत. दोष पुन्हा घडवून दाखवणारा कोड सोबत नसेल तर अहवाल वाचला जाणार नाही, असा नियम लावण्यात काही गैर नाही.

अधिकार वाटले की कोणीतरी मतभेद करून फोर्क, म्हणजे त्याच कोडचा वेगळा प्रकल्प, काढील, ही भीतीही तुमच्या पत्रात ओळींच्या मधून डोकावते. फोर्क अनेकदा अधिकार न वाटल्यामुळे होतात. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड.जेएसचा कारभार एका कंपनीच्या हाती अडकून रिलीज रखडू लागले, तेव्हा २०१४ च्या अखेरीस त्याच्याच प्रमुख डेव्हलपरांनी आयओ.जेएस हा फोर्क काढला. त्यांनी खुली कारभारपद्धत आणि नियमित रिलीज देऊन दाखवले, आणि २०१५ मध्ये दोन्ही प्रवाह एका नव्या फाउंडेशनखाली पुन्हा एक झाले ते त्या खुल्या पद्धतीच्या बाजूने.

हे सगळे वाचून तुम्हाला वाटेल की यापेक्षा एकटे असणे बरे. तोही पर्याय प्रामाणिक आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. एसक्यूलाइट जगातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसांपैकी एक आहे, तिचा सोर्स सार्वजनिक आहे, तरीही ती आपण मुक्त सोर्स आहोत पण मुक्त योगदान स्वीकारत नाही असे स्पष्ट सांगते. एक लहान चमू ती लिहितो आणि कोणाचीही फसगत होत नाही. तुम्हाला तसे हवे असेल तर रीडमीच्या (प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलच्या) पहिल्या परिच्छेदात लिहा आणि चाळीस पुल रिक्वेस्ट आभार मानून बंद करा. दार उघडे असल्याची पाटी लावून आतून कडी घालणे मात्र थांबवले पाहिजे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. आज तुम्ही सहा महिने बाजूला झालात तर प्रकल्प बंद पडणार नाही, पण गोठेल, आणि परत आल्यावर तुम्हाला पाचशे इश्यू दिसतील. लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये स्वतःच्या वागण्याबद्दल माफी मागून रजा घेतली, तेव्हा त्यांचे सहकारी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलच्या ४.१९ या आवृत्तीचे काम हाती घेऊन ती ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध केली. हे शक्य झाले कारण कर्नलच्या प्रत्येक भागाला आधीपासून कोणीतरी धनी होता आणि रिलीजची रीत अनेकांना ठाऊक होती. तुम्ही सहा महिन्यांची नव्हे, आधी दोन आठवड्यांची रजा घ्या. सहकाऱ्याला ट्रायजचे आणि मर्जचे अधिकार दिल्यानंतर, आणखी एकाची मान्यता मिळण्याची सोय झाल्यानंतर, तारखा जाहीर करून घ्या, आणि त्या काळात रिपॉझिटरी उघडू नका. जिथे जिथे तुमच्यावाचून अडेल, म्हणजे एखादा पासवर्ड, एखादी स्क्रिप्ट, कारण न लिहिलेला एखादा निर्णय, त्याची यादी सहकाऱ्याला करायला सांगा. परत आल्यावर नवा कोड लिहायला बसू नका, त्या यादीतली एकेक नोंद निकालात काढा, आणि मग पुन्हा महिनाभराची रजा घ्या. दुसऱ्या खेपेला यादी पुरेशी आखूड निघाली, तर सहा महिन्यांच्या रजेची तारीख खुशाल ठरवा.